रोबोच्या आत कोण बसतं?

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक कॅलेंडर लटकतं. इंग्रजी तारखेखाली बारीक अक्षरात इस्लामी तारीख असलेलं. त्याच्या २०१३ च्या जुलैच्या पानावर दोन खुणा झाल्या आहेत. १० आणि ११ तारखेच्या मध्ये अम्मांनी पेन्सिलीनं एक रेघ ओढली आहे. चांद दिसेल त्याप्रमाणे यांपैकी एका दिवशी पहिला रोजा. आणि लगेच पुढे, शुक्रवार १२ जुलैभोवती लाल स्केचपेननं गिरवून गिरवून काढलेलं एक जाडजूड वर्तुळ. ते आमच्या पुतण्याचं, मुन्नाचं. त्या दिवशी ‘पॅसिफिक रिम’ नावाचा इंग्रजी सिनेमा लागणार होता.

पेन्सिलीची रेघ आणि लाल वर्तुळ यांच्यात गेला महिनाभर आमच्या घरात जे चाललं आहे, तेच या खेपेला वाचकांपुढे ठेवतो. रमजानच्या तोंडावर सिनेमाची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग म्हणा.

मुन्ना चौदा वर्षांचा, यंदा नववीत गेला. गेल्या डिसेंबरात कुणा मित्राच्या मोबाईलवर त्यानं या सिनेमाची झलक पाहिली आणि तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही. आमचा पेशा मास्तरकीचा. वह्या तपासणं हातचं. त्याच्या उर्दूच्या वहीत मागून उघडलं की धडे नाहीत, नुसते राक्षस. भूगोलाच्या वहीत पॅसिफिक महासागराचा नकाशा मात्र अगदी बिनचूक, कारण राक्षस तिथून बाहेर येतात.

ज्यांच्या घरी असा मुन्ना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समुद्राच्या तळाला एक भेग पडते आणि तिच्यातून डोंगराएवढी जनावरं वर येऊ लागतात. त्यांना नाव दिलंय ‘काइजू’. जपानी भाषेत विचित्र जनावर. त्यांच्याशी लढायला माणसं तेवढेच प्रचंड लोखंडी रोबो बनवतात. त्यांचं नाव ‘येगर’. जर्मन भाषेत शिकारी. यातला मुख्य रोबो सुमारे २६० फुटांचा, म्हणजे कुतुबमिनारापेक्षाही उंच. दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो हे मेक्सिकोचे. कार्टून नव्हे, खऱ्या नटांना घेऊन केलेला सिनेमा, आणि चष्मा लावून थ्री-डीमध्ये बघायचा. पण मुन्नाला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. हा रोबो आपोआप चालत नाही. त्याच्या डोक्यात दोन माणसं शेजारीशेजारी उभी असतात. एकट्याच्या मेंदूला एवढ्या मोठ्या यंत्राचा भार सोसत नाही, म्हणून दोघांची मनं जोडतात. दोघांचं जमलं तर रोबो चालतो, नाही जमलं तर उभ्याचा आडवा होतो.

“बडे अब्बा, दोघं लागतातच. एकटा मरतो,” असं तो आम्हाला किमान वीस वेळा सांगून गेला.

आम्ही हसलो नाही. हा ताप आम्हालाही येऊन गेला आहे.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ नावाची जपानी मालिका लागायची. शिरवळात तेव्हा टीव्ही बोटावर मोजण्याइतक्या घरांत. आम्ही शेजारच्या काकूंकडे जायचो. त्यांच्या ओसरीवर आळीतली पंधरा-वीस पोरं दाटीवाटीनं बसायची आणि काकू मध्येच म्हणायच्या, “अरे, जरा सरका रे, दिवा लावू द्या देवापुढे.” मालिकेत जॉनी नावाचा मुलगा होता. रोबोनं पहिल्यांदा ऐकलेला आवाज या पोराचा, म्हणून तो फक्त त्याचंच ऐकणार. जॉनी मनगटावरच्या घड्याळात बोलायचा आणि इमारतीएवढा रोबो उडत यायचा. त्या रोबोचा चेहरा मिसरच्या बादशहासारखा होता, डोक्यावर तसाच मुकुट. आमच्या गल्लीत त्याचं नाव ‘फिरऔन’ पडलं होतं. मक्तबमध्ये मौलवीसाहेबांनी एकदा विचारलं, फिरऔन कोण होता? एक पोरगा छाती काढून म्हणाला, चांगला होता, राक्षसांना मारायचा. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना उभं राहावं लागलं.

शेवटचा भाग मात्र आम्हाला बघायला मिळाला नाही. ऐन वेळी वीज गेली ती रात्री नऊला आली. रोबोचं पुढे काय झालं, यावर महिनाभर शाळेत भांडणं झाली. कुणी म्हणे समुद्रात बुडाला, कुणी म्हणे गंजला. पंचवीस-सव्वीस वर्षं आमच्या मनात तो रोबो तसाच अर्धवट उभा होता. मागच्या उन्हाळ्यात मुन्नानं इंटरनेटवरून तो शेवटचा भाग शोधून आमच्यापुढे ठेवला. रोबो दुष्ट बादशहाला उचलून आकाशात नेतो आणि त्याच्यासकट स्वतःचाही शेवट करून घेतो. खाली जॉनी परत ये, परत ये म्हणून ओरडत राहतो. आयुष्यभर हुकूम ऐकलेला रोबो त्या एकाच वेळी ऐकत नाही. चाळिशी उलटलेल्या मास्तरानं पुतण्यासमोर डोळे पुसणं बरं दिसत नाही. आम्ही चष्मा पुसला.

अम्मांना यातल्या कशाचंच नवल नाही. त्यांच्या माहेरी ‘दास्तान-ए-अमीर हमजा’चं पुठ्ठा निघालेलं एक जाड पुस्तक होतं आणि त्यांचे अब्बा ते रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्यानं वाचायचे. कोह-ए-काफचे देव, एकेक ताडाएवढा, आणि त्यांच्यापुढे एकटा हमजा. आणि अमर अय्यारची ती झंबील, जिच्यात अख्खी दुनिया मावते. त्या म्हणतात, “तुमच्या इंग्रजी पिक्चरमध्ये नवीन ते काय? देव तोच, फक्त त्याला आता पत्रा ठोकलाय.” लग्नानंतर आमच्या अब्बांनी त्यांना जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये होमी वाडियांचा ‘हातिमताई’ दाखवला होता. तो सिनेमा १९५६ चा, पण तंबूत यायला अशी चित्रं दहा-दहा वर्षं घ्यायची.

खऱ्या राक्षसाची त्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ११ डिसेंबर १९६७. रमजान चालू होता, थंडीचे दिवस. अम्मा सेहरीसाठी उठून चूल पेटवत होत्या. पहाटेचे चार वाजून गेलेले. जमिनीखालून गाड्यांची रांग जावी तसा आवाज आला, फळीवरची भांडी खाली आली आणि चुलीवरचा तवा आपोआप सरकला. कोयनेचा भूकंप. आपल्या सातारा जिल्ह्यात, कोयनानगरच्या बाजूला त्या पहाटे पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. इकडे शिरवळला नुसता हादरा बसला, पण अम्मा अजून सांगतात, “त्या दिवशी सेहरी कुणी खाल्ली नाही. सगळे बाहेर रस्त्यावर. रोजा मात्र सगळ्यांनी राखला.” गंमत अशी की, आमचा तो फिरऔन-रोबो जपानच्या टीव्हीवर पहिल्यांदा आला तोही १९६७ च्या ऑक्टोबरातच. तिकडे पोरं टीव्हीपुढे बसून राक्षस बघत होती, इकडे अम्मा चुलीपुढे.

जपानी लोकांच्या राक्षसामागेही असंच काही खरं आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. एका जपानी मच्छीमार बोटीवर किरणोत्सारी राख पडली आणि तिच्यावरचे लोक आजारी पडले. त्याच वर्षी इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ आला. बॉम्बच्या चाचण्यांनी जागा होऊन समुद्रातून वर आलेलं जनावर. आपण ज्याला गॉडझिला म्हणतो तो हाच. त्या जनावराच्या रबरी कातड्याच्या आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट होता, घामानं निथळत चालायचा. आमच्या फिरऔनच्या आतही माणूसच होता. आणि आपल्या मुंबईत बाबूभाई मिस्त्री हे ट्रिक फोटोग्राफीचे उस्ताद. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये त्यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्यानं वस्तू हलवून दाखवल्या. लोकांना दोरा दिसला नाही, पण बाबूभाईंचं नावच ‘काला धागा’ पडलं.

आम्ही हे सगळं मुन्नाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे आत कुणीतरी असतंच.”

हे वाक्य त्यानं रात्रीच्या जेवणाच्या वेळी म्हटलं आणि दस्तरखानावर एकदम शांतता झाली. कारण समोर त्याचे अब्बा बसले होते.

आमचा धाकटा भाऊ वेल्डर आहे. शिरवळ आता पूर्वीचं राहिलेलं नाही. आम्ही लहान असताना इथे महामार्गावर थांबणारे ट्रक, नीरेचं पाणी आणि बाजाराचा दिवस, एवढंच होतं. आता गावाच्या भोवती कारखाने आहेत, चहाच्या टपरीवर पाच भाषा ऐकू येतात आणि पाळी सुटली की रस्ता ओलांडता येत नाही. भाऊ त्यांतल्याच एका कंपनीत अकरा वर्षं काम करतो, कंत्राटी. तीन पाळ्यांतला माणूस. मुन्ना शाळेत जाताना तो झोपलेला असतो आणि मुन्ना झोपल्यावर तो कामाला निघतो. बापलेकांची गाठ पडते ती जुम्म्याच्या नमाजला किंवा ईदला.

या मे महिन्यात त्यांच्या लाइनीवर एक यंत्र आलं. पिवळा रंग, खांदा, कोपर, मनगट. नुसता एक हात. जिथे चौघं वेल्डिंग करायचे तिथे तो एकटा करतो. चहाला जात नाही, नमाजला जात नाही, त्याच्या डोळ्यांची आग होत नाही. भावानं पहिल्या दिवशी घरी येऊन सांगितलं, “भाईजान, टाका बघितला मी त्याचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा. मला नाही जमणार.” स्वतःपेक्षा चांगला कारागीर पाहिल्यावर माणूस बोलतो तसा तो बोलत होता. मग हळूच म्हणाला, “कंत्राट ३१ जुलैपर्यंत आहे. पुढचं बघू म्हणालेत.”

तर वाचकहो, आमच्या कॅलेंडरवर जुलैत खरं म्हणजे तीन तारखा आहेत. तिसरीवर कुणी खूण केलेली नाही, पण स्वयंपाकघरात जाता-येता प्रत्येकाची नजर तिच्यावर पडते. पोरगा रोबोची वाट बघतोय आणि बापाच्या पोटावर रोबोनं पाय ठेवलाय. एकाच घरात, एकाच महिन्यात.

मुन्नाला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण घरातल्या पोरांना सांगावं लागत नाही. त्या रात्री “आत कुणीतरी असतंच” असं तो म्हणाला तेव्हा भाऊ घास खाली ठेवून म्हणाला, “आमच्याकडच्याच्या आत कुणी नाही. एक बाहेर उभा असतो, बटणं दाबायला. तोही आयटीआय झालेला.” आणि हात धुऊन तिसऱ्या पाळीला निघून गेला.

दरम्यान रमजानचा प्रश्न होताच. मुन्नानं शबे-बरातच्या रात्री दादीला कबूल केलंय की यंदा एकही रोजा सोडणार नाही. मागच्या वर्षी सतरा झाले होते. जुलैतला रोजा म्हणजे साडेचौदा तासांचा. वरून पाऊस असो की उकाडा. सिनेमा लागणार होता तो रमजानच्या पहिल्याच जुम्म्याला. पोरानं हिशेब मांडला होता. बाराचा शो नको, जुम्म्याची नमाज चुकते. रात्रीचा नको, तरावीह चुकते आणि परतीची एसटीही नाही. दुपारी तीनचा चालेल. पुण्यात सातारा रोडवर बघायचा, सहाला सुटेल, इफ्तार बसस्टँडवर. खजुराची पुडी खिशात. इतकं बारकाईनं त्यानं गणिताचं एकही उदाहरण सोडवल्याचं आम्हाला आठवत नाही.

अम्मा म्हणाल्या, “नक्को बेटा. रोजा पोटाचा असतो तसा डोळ्यांचाबी असतो.” मुन्ना म्हणाला, ईदनंतर तो निघून जाईल, ईदला शाहरुखचा ‘चेन्नई एक्सप्रेस’ येतोय, तेव्हा सगळे पडदे त्यालाच. हेही खरं होतं. दोघं आमच्याकडे बघू लागले. घरात बीएड झालेला एकच माणूस असला की त्याला मुफ्ती समजतात.

आम्ही फतवा दिला नाही. एवढंच म्हटलं, की तू सात महिने वाट बघितलीस, त्या सात महिन्यांत काय काय केलंस ते मोज. तो नकाशा शिकला. दोन परक्या शब्दांचे अर्थ शोधले. राक्षसांच्या चित्रांखाली उर्दूत नावं लिहिता लिहिता त्याचं अक्षर सुधारलं, हे आम्ही मास्तर म्हणून सांगतो. पंचवीस वर्षं अडकलेला आमचा रोबो त्यानं आकाशात पोचवला. सिनेमा दोन-अडीच तासांत संपेल; जे मिळालं ते वाट बघण्यातच मिळालं. तो म्हणाला, “हे तुम्ही बोलणार हे मला माहीतच होतं,” आणि रुसून गच्चीवर गेला.

पुढचं आमच्या हातचं नव्हतं, म्हणूनच सांगतो.

मागच्या रविवारी भावाला सुट्टी होती. दुपारी तो पडवीत बसला होता. मुन्ना जवळून जात होता तर म्हणाला, “दाखव रे तुझा तो पिक्चर.” मुन्नानं आमच्या मोबाईलवर झलक लावली. दोन-अडीच मिनिटांची. भावानं एकदा पाहिली. काही बोलला नाही. म्हणाला, परत लाव. दुसऱ्यांदा पाहताना मध्येच थांबवायला सांगितलं. रोबो गुडघाभर समुद्रात उभा राहून राक्षसाच्या तोंडावर ठोसा मारतो ती जागा.

“हा टिकणार नाही,” भाऊ म्हणाला.

“का?”

“खाऱ्या पाण्यात उभा आहे. आणि एवढ्या जोरात ठोसा मारल्यावर दणका कुठे जाईल? हातातून खांद्यात. खांद्याचा सांधा पहिला उघडेल. इथे एकेरी टाका चालत नाही. वही आण.”

वही आली. उर्दूचीच. भावानं मुन्नाच्या रोबोवर पेन्सिलीनं खुणा करायला सुरुवात केली. इथे आतून पट्टी द्यायची, इथे पत्र्याची कड घासून उतरती करायची म्हणजे टाका खोल बसतो, इथे एकदम सलग वेल्ड मारायचा नाही, पत्रा तापून वाकडा होतो, थोडा इकडे थोडा तिकडे असा मारायचा. मुन्ना विचारत होता, तो सांगत होता. अकरा वर्षांत बापानं आपलं काम पोराला पहिल्यांदा सांगितलं. असरची अजान झाली तेव्हा दोघांची डोकी एकाच पानावर वाकलेली होती. अम्मांनी दारातून पाहिलं आणि चहा परत आत नेला, नंतर आणला.

मग मुन्नानं विचारलं, “अब्बा, तुमच्या कंपनीतल्या त्या हाताला कुठे टाका मारायचा हे कसं कळतं?”

भाऊ जरा थांबला. म्हणाला, “शिकवावं लागतं. पहिल्यांदा एकेक ठिकाण हळूहळू नेऊन दाखवावं लागतं, इथे, मग इथे, मग इथे. तेवढंच तो लक्षात ठेवतो.”

“मग त्याला दाखवणाऱ्याला वेल्डिंग यायला पाहिजे.”

“यायला पाहिजे. आमच्याकडे दाखवणाऱ्याला येत नाही. परवा चार पीस वाया गेले.”

एवढंच. भाऊ उठून वुजू करायला गेला. पण सोमवारी पहिली पाळी संपल्यावर तो थेट घरी आला नाही. आयटीआयमध्ये जाऊन आला. कामगारांसाठी एखादा लहान कोर्स आहे का, बेचाळिसाव्या वर्षी घेतात का, एवढं विचारून आला. उत्तर धड मिळालं नाही. पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबांना भेटा म्हणाले. आम्ही त्याच्यासाठी एक अर्ज लिहिला आहे, मराठीत, कंपनीच्या नावानं: अकरा वर्षांचा अनुभवी वेल्डर, यंत्र शिकण्यास तयार. भावानं तो दोनदा वाचला आणि ‘तयार’ खोडून ‘उत्सुक’ करायला सांगितलं.

३१ जुलैला काय होईल ते अल्लाहला माहीत. आम्ही मास्तर आहोत. पोरांना शिका म्हणणं सोपं असतं, बेचाळीस वर्षांच्या धाकट्या भावाला शिक म्हणताना तोंडातून शब्द निघत नाही. तो त्याच्या पोराच्या रोबोनं काढला. ज्या माता-पित्यांच्या घरी असं एखादं रोबोवेडं, विमानवेडं किंवा क्रिकेटवेडं पोर वाट बघत बसलं असेल, त्यांना एकच विनंती. एकदा त्याच्याजवळ बसून ते काय बघतंय ते बघा. नावं ठेवायची तर नंतर ठेवा.

मुन्नाचा निर्णय झाला आहे. रोजे पूर्ण राखायचे. ईदनंतरच्या रविवारी पुण्यात कुठे हा सिनेमा राहिला असेल तर तिथे, नाही तर पुढच्या वर्षी टीव्हीवर. आपणहून सांगितलं त्यानं. फक्त एक अट घातली. तिकिटं दोन काढायची. आम्ही म्हटलं, अरे, बडे अब्बा धरून तीन होतात. तर म्हणतो, “नाही. त्या रोबोत दोघंच बसतात.”

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलावं. पण आमचा रोबो आम्ही पाहिला आहे.

लाल वर्तुळ अजून कॅलेंडरवर आहे. काल पाहिलं तर त्याच्या खाली, ३१ तारखेच्या चौकोनात, कुणीतरी पेन्सिलीनं बारीकसा रोबो काढलाय. खांद्याच्या सांध्यावर दुहेरी टाका.

सर्व वाचकांना रमजान मुबारक. इफ्तारच्या दुआत तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसांनाही आठवा.